स्वस्तातला तंबू आणि साठीनंतरची रात्र

दिवाळी उलटली आणि पहाटेच्या हवेत गारवा जाणवू लागला की सह्याद्रीतल्या वाटांवर माणसांची वर्दळ वाढते. या वर्दळीत आता पांढऱ्या केसांची माणसेही बरीच दिसतात. निवृत्तीनंतर गडकिल्ल्यांची जुनी आवड पुन्हा जोपासणारे आजोबा असतात, मैत्रिणींबरोबर भंडारदऱ्याला मुक्कामी निघालेल्या आजी असतात, नातवंडांच्या हट्टापायी पवना धरणाच्या काठी रात्र काढायला तयार झालेली जोडपीही असतात. अशा वेळी घरात एक प्रश्न हमखास निघतो. दोन-अडीच हजारांपासून पाच-सहा हजारांपर्यंतचे तंबू सर्वत्र मिळतात. नामांकित परदेशी बनावटीच्या हलक्या तंबूंसाठी मात्र त्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. वर्षातून दोन-तीन रात्रींसाठी एवढा खर्च कशाला? मग स्वस्तातलाच घ्यावा काय?

पंचविशीतल्या तरुणाने हा प्रश्न विचारला तर उत्तर सोपे आहे. एखादी रात्र भिजत, कुडकुडत गेली तरी तो सकाळी हसत उठतो आणि पुढे वर्षभर तिची गोष्ट सांगतो. पासष्टीच्या माणसाच्या शरीराचा हिशेब वेगळा असतो. वयानुसार त्वचेखालचा चरबीचा थर व स्नायू कमी होतात, थंडीत रक्तवाहिन्या आकसण्याची क्रिया मंदावते आणि कुडकुडून उष्णता निर्माण करण्याची ताकदही उणावते. त्यातच रात्री एक-दोनदा उठावे लागते, गुडघे कुरकुरतात, अंधारात तोल सांभाळणे अवघड जाते. म्हणून तंबू निवडताना दुकानदाराच्या फलकावरील किमतीबरोबरच, त्यात झोपणाऱ्या माणसाची रात्र कशी जाईल, हे पाहायला हवे.

जादा पैसे नेमके कशाचे?

महागड्या तंबूची किंमत मुख्यतः त्याच्या हलकेपणाची असते. दोन माणसांचा साधा, स्वस्त घुमटाकार तंबू साधारण अडीच ते साडेतीन किलो भरतो. महागडा तंबू दीड किलोच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. त्याचे कापड अतिशय पातळ पण चिवट असते आणि काठ्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या असतात. स्वस्त तंबूचे कापड बहुधा जाडसर पॉलिएस्टरचे असते आणि काठ्या फायबरग्लासच्या. पॉलिएस्टर कमी प्रतीचे असते असे मात्र नाही. ते पाणी फारसे शोषत नाही, त्यामुळे नायलॉनसारखे भिजून सैल पडत नाही आणि उन्हातही तुलनेने बरे टिकते.

यात कुटुंबाला उपयोगी पडणारी एक गोष्ट दडलेली आहे. वजन वाटून घेता येते. तंबूचे कापड मुलाच्या सॅकमध्ये, काठ्या व खुंट्या सुनेच्या किंवा मोठ्या नातीच्या सॅकमध्ये गेल्या, की आजोबांच्या पाठीवर पाण्याची बाटली, औषधे आणि एक स्वेटर एवढेच उरते. ज्येष्ठांनी चढावर स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक भार सहसा घेऊ नये, हा ढोबळ नियम ध्यानात ठेवावा. ६० किलो वजनाच्या माणसासाठी ही मर्यादा ६ किलोंची होते आणि एकटा तंबूच तिच्यातील निम्मा वाटा खाऊन टाकतो. म्हणूनच, बरोबर वजन उचलणारे तरुण असतील किंवा गाडी मुक्कामाच्या जागेपर्यंत जाणार असेल, तर स्वस्त तंबूचा सर्वांत मोठा दोष जवळपास नाहीसा होतो. एकट्याने, स्वतःच्या पाठीवर सारे घेऊन जाणाऱ्या ज्येष्ठाला मात्र हा दोष पावलोपावली जाणवेल.

ओल, कोंदटपणा आणि उठण्याबसण्याचा त्रास मात्र कोणाशी वाटून घेता येत नाही. तो ज्याचा त्यालाच सोसावा लागतो. तेव्हा किंमत कमी असली तरी या तीन बाबतींत तडजोड करू नये.

बाहेरचे पाणी

तंबूच्या कापडाची जलरोधकता मिलीमीटरमध्ये सांगतात. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला असता ते थेंब आत झिरपू देते, त्याचे हे माप. १५०० मिलीमीटर म्हणजे दीड मीटर उंचीच्या पाण्याचा दाब ते कापड सोसते. हिवाळ्यातील मुक्कामासाठी, अवचित आलेल्या सरीपुरते, वरच्या आवरणाला १५०० ते २००० मिलीमीटर पुरेसे असतात. तळाचे कापड मात्र याहून सरस हवे, कारण ओल्या जमिनीवर माणूस गुडघा किंवा कोपर टेकतो तेव्हा तेवढ्या जागेवर भार एकवटतो आणि पाणी कापडातून वर येते. तळासाठी ३००० मिलीमीटर असावेत. वेष्टनावर हा आकडाच नसेल, नुसते ‘वॉटरप्रूफ’ लिहिले असेल, तर तो तंबू पावसाचा नाही असे समजावे.

आकड्याइतक्याच महत्त्वाच्या असतात शिवणी. सुईने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून पाणी येऊ शकते. वरच्या आवरणाची आतली बाजू उलटून शिवणीवरून बोट फिरवावे. तेथे गुळगुळीत, पारदर्शक पट्टी चिकटवलेली जाणवली पाहिजे. ‘फ्लाय’ म्हणून ओळखले जाणारे हे वरचे आवरण जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत खाली येते का, हेही पाहावे. अगदी स्वस्त तंबूंत हे आवरण डोक्यावरच्या टोपीसारखे आखूड असते. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, तेथे अशी टोपी उपयोगाची नाही.

तळाखाली ताडपत्री किंवा जाड प्लॅस्टिक अंथरणे चांगले. मात्र ते तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी थोडे लहान असावे. बाहेर डोकावणाऱ्या कडांवर पडलेले पावसाचे पाणी वाहत आत येते आणि नेमके झोपणाऱ्याच्या पाठीखाली साठते.

आतले पाणी

अनेक वाचकांनी शाळेच्या स्काउट पथकात किंवा एनसीसीच्या शिबिरात जाड कॅनव्हासचे तंबू पाहिले असतील. ते सुती असत. पाऊस लागला की सुताचे धागे फुगून विणीतील छिद्रे बुजत आणि एरवी त्याच छिद्रांतून हवा खेळत असे. छताला आतून बोट लावले की तेथून पाणी ठिबकू लागते, म्हणून बोट लावू नका, अशी ताकीदही अनेकांना आठवत असेल. ते तंबू अवजड होते, पण श्वास घेणारे होते.

आजच्या तंबूच्या आवरणाला आतून लेप दिलेला असतो. तो पाणी आत येऊ देत नाही, तसा बाष्पही बाहेर जाऊ देत नाही. श्वासावाटे आणि त्वचेवाटे, घामाचा थेंबही न दिसता, माणसाच्या शरीरातून दिवसाकाठी सुमारे ६०० ते ८०० मिलीलीटर पाणी बाहेर पडते. रात्रभरात दोन माणसांचे मिळून हे पाणी अर्ध्या लिटरच्या घरात जाते. गार पडलेल्या छतावर ते थेंबांच्या रूपाने जमते आणि पहाटे पांघरुणावर टपकते. पाऊस नसताना तंबू आतून ओला झाला तर तो गळत नसून कोंडला आहे, हे ओळखावे.

यावर उपाय आहे तो हवा खेळती ठेवण्याचा. आत जाळीचा तंबू आणि त्यावर, चार बोटे अंतर राखून, वेगळे आवरण अशी दुहेरी रचना असावी. समोरासमोर दोन झरोके हवेत, किमान दोन्ही बाजूंना जाळीची उघडझाप असावी. केवळ एका थराचा तंबू किमतीला सर्वांत स्वस्त पडतो आणि ज्येष्ठांसाठी तोच सर्वांत गैरसोयीचा ठरतो. ओले पांघरूण ऊब धरत नाही. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीरातील उष्णता ओढून नेते. शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की ती वैद्यकीय आणीबाणी असते. आणि वृद्धांमध्ये तिची सुरुवात बोलणे अडखळणे, पेंग येणे, हालचाल मंदावणे अशा साध्या दिसणाऱ्या लक्षणांनी होते. सोबतच्यांना ते दिवसभराच्या दमणुकीसारखे वाटू शकते. अशा वेळी ओले कपडे बदलून कोरडे घालावेत, अंग पांघरुणात गुंडाळावे, शुद्ध असेल तर गरम गोड पेय द्यावे आणि वैद्यकीय मदत मिळवावी. हातपाय जोराने चोळू नयेत, मद्य देऊ नये.

थंडी वाजते म्हणून तंबूत शेगडी, निखारे किंवा गॅसचा स्टोव्ह कधीही पेटता ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच त्याची शुद्ध हरपते. डास चावतात म्हणून उदबत्तीची कॉइल लावणेही टाळावे. पॉलिएस्टर आगीने वितळते आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटून बसतो.

उठणे, बसणे आणि बाहेर पडणे

‘दोन माणसांचा तंबू’ याचा अर्थ दोन सडपातळ माणसे सामानाविना, खांद्याला खांदा लावून झोपू शकतील एवढी जागा. माणशी जेमतेम ६० ते ६५ सेंटीमीटर रुंदी मिळते. म्हणून दोघा ज्येष्ठांनी तीन माणसांचा, चौघांच्या कुटुंबाने पाच-सहा माणसांचा तंबू घ्यावा. स्वस्त तंबूत एक आकार वरचा घेण्यास फारसे जास्त पैसे पडत नाहीत. तोच हिशेब महागड्या तंबूत परवडत नाही. हा स्वस्त तंबूचा एक खरा लाभ आहे.

वेष्टनावर लिहिलेली उंची ही घुमटाच्या मध्यबिंदूची असते. तेथून कडेला सरकले की छत झपाट्याने उतरते. मांडी घालून किंवा पाय पसरून बसल्यावर डोके छताला न लागता कपडे बदलता येतात का, हे आत बसूनच पाहावे. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना रांगत आत जाणे जमत नाही. त्यांनी दारात लहान घडीचे स्टूल ठेवावे. आधी तंबूकडे पाठ करून बसावे, मग कंबर आत सरकवावी आणि शेवटी पाय आत घ्यावेत. बाहेर पडताना हाच क्रम उलटा. दार रुंद आणि उंबरठा कमी उंचीचा असेल तर हे सहज साधते. दोन बाजूंना दोन दारे असतील तर फारच उत्तम. रात्री उठणाऱ्याला शेजारच्याला ओलांडून जावे लागत नाही.

लघवीसाठी उठताना लगेच उभे राहू नये, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी. दोन मिनिटे बसून, मग उभे राहावे. खरा धोका दाराबाहेर असतो. तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्या अंधारात दिसत नाहीत आणि त्यांत पाय अडकून पडणे म्हणजे खुब्याच्या हाडाशी गाठ. प्रत्येक दोरीला पांढऱ्या कापडाची पट्टी बांधावी, दारासमोरची दोरी शक्य तर टाळावी आणि डोक्याला लावायची विजेरी उशाशीच ठेवावी. यासाठी लागणारी पांढरी चिंधी घरात असतेच, पण तिने टळणारा अपघात फार मोठा असतो.

चेन, काठ्या आणि कातळ

उघड्यावर झोपण्यापेक्षा स्वस्त तंबूसुद्धा एका बाबतीत नक्कीच सरस. मण्यार हा विषारी साप रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावल्याची उदाहरणे आपल्याकडे नेहमीची आहेत. त्याच्या दंशाच्या जागी वेदना व सूज इतकी थोडी असते की कित्येकदा झोपलेल्याला कळतही नाही. कोकणातील लाल विंचवाचा दंश किती गंभीर असतो, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कार्यामुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. तळ, भिंती व दार सलग शिवलेले आणि चेन पूर्ण लागणारी असेल, तर हे पाहुणे बाहेरच राहतात.

पण स्वस्त तंबूत आधी बिघडते ती चेनच. दुकानात ती दहा वेळा, वळणावरून, एका हाताने लावून-काढून पाहावी. अडखळली तर तो तंबू परत ठेवावा. संधिवाताने बोटे आखडणाऱ्यांसाठी चेनच्या कडीला जाड दोरीचा फास बांधला की ओढणे सोपे होते. बूट-चपला रात्री तंबूच्या आत, पिशवीत ठेवाव्यात आणि सकाळी झटकूनच घालाव्यात.

फायबरग्लासच्या काठ्या उभ्या चिरतात आणि त्यांची बारीक कुसळे बोटात शिरतात. जोडणीच्या जागी चीर दिसली तर उघड्या हाताने धरू नये. काठीवर सरकवता येणारी लहानशी धातूची नळी व चिकटपट्टी जवळ असली की रात्र निभावते. बरोबर मिळणाऱ्या बारीक खुंट्या आपल्या बसाल्टच्या कातळात शिरत नाहीत, वाकतात. त्यामुळे खुंट्यांवाचून, केवळ आडव्या-तिडव्या काठ्यांच्या ताणावर उभा राहणारा घुमटाकार तंबूच सह्याद्रीत सोयीचा. त्याच्या दोऱ्या मोठ्या दगडांना बांधता येतात. मात्र दोन काठ्यांचा असा तंबू उघड्या कड्यावरील जोरदार वाऱ्यात चेपतो. तो झाडांच्या किंवा बांधाच्या आडोशालाच लावावा.

तंबू ऊब देत नाही

तंबू वारा अडवतो आणि दव अडवतो. ऊब मिळते ती अंथरुणातून. उंची वाढते तशी हवा गार होत जाते, दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअस. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे पायथ्याच्या गावात सुसह्य वाटणारी डिसेंबरची रात्र वर बोचरी होते. त्याहून अधिक उष्णता खालची जमीन ओढून घेते. तेव्हा ठरावीक रकमेत सारे बसवायचे असेल, तर आधी जाड, दुहेरी मॅट घ्यावी, मग चांगली स्लीपिंग बॅग आणि उरलेल्या पैशांत तंबू. महागड्या तंबूत पातळ चटईवर झोपलेल्या आजोबांपेक्षा स्वस्त तंबूत जाड मॅटवर झोपलेले आजोबा सुखी असतात.

घरची एक रात्र

तंबू परत करण्याची मुदत संपण्याआधीच तो गच्चीवर किंवा अंगणात उभा करावा. ज्यांना त्यात झोपायचे आहे त्यांनीच, चष्म्यासह आणि चष्म्याविना, तो लावून पाहावा. मग वरून दोन बादल्या पाणी झारीने हळूहळू ओतावे आणि आत टिपकागद फिरवून शिवणी तपासाव्यात. तंबू वाळला की एक रात्र आत झोपावे. किती वेळा उठावे लागले, उठताना कशाचा आधार घ्यावा लागला, पहाटे छत ओले होते का, याची नोंद ठेवावी. घर दहा पावलांवर असताना जे जमले नाही, ते डोंगरावर जमणार नाही. आणि येथे सहज जमले, तर मुलांच्या मनातील निम्मी काळजी मिटते.

मुक्कामाहून परतल्यावर तंबू ओला गुंडाळून ठेवू नये. सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळवून सैल घडी करावी. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत आतला लेप कालांतराने चिकट होऊन सुटू लागतो आणि बुरशीचा वास धरलेला तंबू दमेकऱ्यांना झोपू देत नाही. लेपाचे पोपडे निघू लागले की किंमत न आठवता तो तंबू मोडीत काढावा.

मग घ्यावा की नाही?

समजा, ६६ वर्षांच्या आजी मुलगी, जावई व नातवासह डिसेंबरात भंडारदऱ्याला जाणार आहेत आणि गाडी तळापर्यंत पोहोचते. त्यांनी मोठ्या आकाराचा, दुहेरी भिंतींचा स्वस्त तंबू खुशाल घ्यावा. वाचलेले पैसे मॅटवर खर्च करावेत. समजा, ७० वर्षांचे आजोबा जुन्या मित्रांबरोबर हरिश्चंद्रगडावर मुक्काम करणार आहेत आणि आपापले सामान ज्याने त्याने वाहायचे आहे. त्यांनी तीन किलोंचा तंबू विकत घेण्याऐवजी एका मुक्कामापुरता हलका तंबू भाड्याने घ्यावा किंवा गडावर पुरवल्या जाणाऱ्या तंबूंची चौकशी करावी. मात्र त्या तंबूंनाही वरच्याच कसोट्या लावाव्यात. यूथ होस्टेल्स असोसिएशनसारख्या संस्थांच्या हिमालयातील मोहिमांत निवासाची सोय संस्थाच करते, तेथे स्वतःच्या तंबूची गरजच नसते. आणि जून ते सप्टेंबर या काळात, किंमत कितीही असो, ज्येष्ठांनी डोंगरमाथ्यावर तंबूत मुक्काम करू नये. गावातल्या घराची ओसरी किंवा पक्के छत शोधावे.

हृदयविकार, दमा, मधुमेह किंवा नुकतीच शस्त्रक्रिया असेल तर आपल्या डॉक्टरांशी बोलूनच बेत ठरवावा. घरातील काळजी घेणाऱ्यांनीही ‘या वयात कशाला?’ असे म्हणून विषय मिटवून टाकू नये. गच्चीवरची ती एक रात्र आधी होऊ द्यावी. जावे की न जावे, हे सकाळी चहा घेताना ज्याचे त्यालाच ठरवता येईल.